परदेशसेवा, मुक्काम सिद्धेश्वर

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. विमानात.

आजपासून दोन वह्या. एक इंग्रजी, चर्चने छापून दिलेली, निळी. रोज एक पान. वर छापलंय: आज देवाने मला काय शिकवलं? ती परत गेल्यावर पाळकांना दाखवायची आहे, त्यामुळे तिच्यात नम्र राहावं लागतं. ही दुसरी मराठी. माझ्यापुरती. हिच्यात खरं लिहायचं.

खरं असं की परदेशातल्या सेवेसाठी मेलबर्नच्या आमच्या मंडळीतून सहा नावं आली होती. देश भारत म्हटल्यावर चौघांना पोटाची आठवण झाली. उरलो मी आणि केविन. केविन रिटायर्ड प्लंबर, वय अडुसष्ट. प्रार्थना करायला सांगितली तर ‘थँक यू लॉर्ड, आमेन’ एवढ्यात उरकतो. आध्यात्मिक खोली कमी. वीस दिवस माझ्या सहवासात आहे, फरक पडेल.

माझी नेमणूक: दुभाषी आणि सांस्कृतिक मार्गदर्शक. फॉर्मवर भाषा लिहिल्या मराठी, हिंदी, बंजारा. बंजारा बोलता येत नाही, पण लहानपणी बाजारात भरपूर ऐकली आहे. ऐकणं हा भाषेचा अर्धा भाग असतो.

परत गेल्यावर मंडळीसमोर बारा मिनिटं साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्या हातून काय करून घेतलं ते सांगायचं. आणि मार्चमध्ये नव्या एल्डरची, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्याची, निवड आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

केविन आत्ताच म्हणाला, तुझ्यासाठी हा परदेश कसा, तू तर तिथलाच ना. त्याला पासपोर्ट दाखवला. कव्हरवर कांगारू आहे. त्याने तो उलटसुलट बघून परत दिला.


३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.

पोचलो. हैदराबादहून रेल्वेने नांदेड, तिथून तातेरावांच्या जीपने वसमत, औंढा, आणि पुढे सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एक गाव. तातेराव शेतकरी आहेत, आणि ज्या संस्थेतर्फे आम्ही आलो तिचं इकडचं काम बघतात. त्यांच्या शेतातल्या दोन खोल्यांत मुक्काम. जेवण त्यांच्या मंडळी पार्वतीबाई करतात. मी पंधरा प्रोटीन बार आणलेत. स्थानिकांवर भार नको.

काम असं: इथून दोन किलोमीटरवर एक तांडा आहे, तिथल्या शाळेला पाण्याची टाकी, चार नळ आणि हात धुवायची जागा. केविन पाइप बघणार, मी माणसं.

तातेरावांनी वाटेत विचारलं, मूळ गाव कोणतं, मराठी आपल्याकडची लागते. म्हटलं मेलबर्न. त्यांनी आदराने मान हलवली आणि म्हणाले, “त्याच्या अगुदर?” म्हटलं हिंगोलीकडचं. “मग घरचेच की तुमी. तीस किलोमीटर न्हाई इथून. कवा जायचं सांगा, जीप काढतो.” मी म्हटलं कार्यक्रम फार टाइट आहे. नांदेडहून येताना हिंगोली रस्त्यात लागत नाही, हे मी नकाशावर आधीच बघून ठेवलं होतं.

केविननेही विचारलं, इथे तुझं कुणी आहे का. मी म्हटलं, दूरचे आहेत.


४ फेब्रुवारी. दुपारी. जेवणानंतर.

हे एकदा लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. हिंगोलीत पपा आणि शिलाताई असतात. पपा शहाऐंशी वर्षांचे. आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर, आणि रविवारी सायकलवर गावोगाव जाऊन उपासना घ्यायचे. ताई सरकारी नर्स होती, रिटायर झाली, लग्न केलं नाही, त्यांना तीच बघते. मी अकरा वर्षांत आलो नाही. दर वर्षीचं कारण वेगळं आणि योग्य होतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली तेव्हा आमचं नव्या घरात शिफ्टिंग चाललं होतं. मातीला मी व्हिडिओवर हजर होतो. शेवटच्या प्रार्थनेला नेट गेलं, तो दोष माझा नाही.

यावेळी जाणार आहेच. पण आधी सेवा. निळ्या वहीत लिहिलं: सेवकाने घरच्या ओढीवर विजय मिळवावा. चांगलं वाक्य झालं.

प्रोटीन बार शिल्लक पंधरा. पार्वतीबाईंच्या भाकरी खाल्ल्या चार. नकार देणं हा अहंकार ठरला असता.


५ फेब्रुवारी. संध्याकाळी.

तांड्यावर कामाला सुरुवात. केविनने टाकीचा ओटा बांधायला शाळेमागची जागा निवडली. तेवढ्यात मिराबाई आल्या. साठीच्या असतील. शाळेत खिचडी शिजवतात, आणि तांड्यावर त्यांचा शब्द चालतो असं दिसलं. सुदैवाने मराठीत बोलल्या. म्हणाल्या, “इथं नका खांदू सायेब. खाली खडक हाय. माझ्या सासऱ्यानं इथंच हीर खांदायला घेतली व्हती. कंबर गेली त्याची.”

आता पहिल्याच दिवशी टीमपुढे नकारात्मक सूर लावणं मला बरं वाटेना. मी केविनला सांगितलं, त्यांच्या सासऱ्यांचं या जागेशी भावनिक नातं आहे. केविनचे डोळे पाणावले. म्हणाला, मग इथेच बांधू.

भाषांतर म्हणजे शब्द नव्हे, आत्मा.


७ फेब्रुवारी, शुक्रवार.

दीड फुटावर खडक लागला. दोन दिवस पहारीने ठोकलं. ठिणग्या उडतात, बाकी काही होत नाही. केविनच्या हाताला फोड. माझ्याही आले असते, पण मी प्रार्थनेची बाजू सांभाळत होतो.

मिराबाई दोन्ही दिवस येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या. केविनने विचारलं काय म्हणतात. मी म्हटलं, प्रोत्साहन देतायत. तो म्हणाला, चेहऱ्यावरून तसं वाटत नाही. आज शेवटी त्यांनी त्याच्या हातातली पहार घेतली, खडकावर एकदा आपटली, मग तीस पावलं चालत लिंबाच्या झाडापाशी गेल्या, तिथे आपटली. आवाज वेगळा आला. केविन लगेच उठला. त्यानंतर दोघांनी मातीत काटकीने रेघोट्या मारून पूर्ण टाकी ठरवली. पाइप कुठून, उतार कुठे, पोरं कुठे उभी राहणार. मी मध्ये दोनदा भाषांतर करायला गेलो. दोघांनीही हाताने थांब म्हणून खूण केली.

हातवाऱ्यांनी बोलणं हा भाषेचा अपमान आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

केविनने मला विटा वाहायला सांगितलं. नम्रतेचा धडा. अकरा विटा वाहिल्या. बाराव्या विटेला पाठीत चमक. पार्वतीबाईंनी हळद घालून तेल कोमट करून दिलं. सध्या या भागात सगळीकडे हळद उकडणं चाललंय, कपड्यांनाही तोच वास. आता मीही पिवळा.


९ फेब्रुवारी, रविवार.

आज हिंगोलीला जायचं ठरवलं होतं. तातेरावांनी सकाळी सातला जीप धुवून उभी केली. पण पाठ. शिवाय रविवारी उपासना चुकवून नातेवाइकांकडे जाणं कोणत्या तोंडाने साक्षीत सांगू?

अंगणात मीच उपासना घेतली. उपदेश पन्नास मिनिटं, विषय आईवडिलांचा मान. मंडळी एकूण एक, केविन. विसाव्या मिनिटाला तो उठून आत गेला. पार्वतीबाईंच्या कुकरची शिटी अडकली होती, ती दुरुस्त करत बसला. या माणसाला वचनाची भूक नाही.

दुपारी शेतात हुरडा. तीन वेळा घेतला.

रुपाचा फोन. बायकोला परदेशातल्या सेवेबद्दल एक प्रश्न विचारता येत नाही. रोज एकच: पपांना भेटलात का? मी म्हटलं पाठ दुखते. ती म्हणाली, भेटायला पाठ लागत नाही.


१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.

मन फार विचलित. क्रमाने लिहितो.

पाइपचे बेंड आणि कपलिंग संपले म्हणून केविन तातेरावांबरोबर हिंगोलीच्या बाजारात गेला. मी गेलो नाही. साइटवर कुणीतरी हवंच. तासाभराचं काम होतं, ते परत आले पाच वाजता. केविनच्या हातात स्टीलचा डबा. आत रव्याच्या वड्या. ताईच्या हातच्या, बघितल्याबरोबर ओळखल्या.

तातेरावांनी सांगितलं ते असं. दुकानात सामान बांधेपर्यंत त्यांनी सहज चौकशी केली की ऑस्ट्रेलियाला गेलेल्या प्रेमदासचं, म्हणजे माझं, घर कुठंय. दुकानदार म्हणाला, कंपाउंडरसायबाचं व्हय, दोन गल्ल्या सोडून. तातेरावांकडे जेवढं इंग्रजी आहे तेवढ्यात त्यांनी केविनला सांगितलं, प्रेमसर, फादर, हाऊस, नियर. केविन म्हणाला, पण तो तर दूरचे म्हणाला होता. आणि दोघं गेले.

दारातून तातेराव मोठ्याने म्हणाले, ऑस्ट्रेलियाहून पाहुणे आलेत. पपांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हल्ली आठवणही जागेवर नसते. ते खाटेवरून उठले, चाचपडत आले, केविनचा हात धरला, आणि रडले. “प्रेम, आलास बाबा.” ताईने दोनदा सांगितलं की पपा, हा प्रेम नाही. त्यावर पपा म्हणाले, “मला येडं समजू नको. तिकडं ऱ्हाऊन माणसाचा आवाज बदलतो.”

केविनला काही कळेना. तो हात सोडवून घेईना. मग त्याला दिवाळीपासून गळणारा नळ दिसला, तो त्याने बसवला. पपांनी दीड भाकर खाल्ली. चार महिन्यांत अर्धीच्या वर खात नव्हते म्हणे.

ताईने माझ्यासाठी निरोप दिला. तातेराव सांगताना जमिनीकडे बघत होते. “त्याला म्हणावं, तुझं काम चालू दे. तुझ्या जागी माणूस आलाय.”

याला काय म्हणायचं? शास्त्रात इसहाक म्हातारा झाला, दिसेनासं झालं, तेव्हा थोरला मुलगा एसाव बापासाठी शिकारीला गेला असताना धाकटा याकोब वेष बदलून आला आणि त्याचा आशीर्वाद घेऊन गेला. आज मी एसाव आहे. माझा हक्क एका प्लंबरने नेला. साक्षीसाठी हा प्रसंग जोरदार आहे, हेही त्याच वेळी मनात आलं.

रुपाला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एसाव निदान शिकारीला तरी गेला होता. तुम्ही हुरडा खात होता.”


१२ फेब्रुवारी.

केविन सकाळी समोर येऊन बसला. म्हणाला, तुझ्या वडिलांना वाटतं मी म्हणजे तू. मला हे बरं वाटत नाही. तू जा आणि सांग. मी म्हटलं उद्या. तो म्हणाला आज का नाही. मी त्याला समजावलं की आपल्याकडे अशा गोष्टींना योग्य वेळ लागते, हा सांस्कृतिक भाग आहे. तो म्हणाला, मिराबाईंना विचारू का हा सांस्कृतिक भाग आहे की नाही?

प्लंबर लोक फार थेट बोलतात.


१३ फेब्रुवारी.

गेलो नाही. पोटात गडबड. (ठेचा.)

केविन गेला. पपा रात्री संडासात जाताना दोनदा पडले म्हणून भिंतीला धरायला पाइपचा दांडा बसवून आला. तो पाइप शाळेच्या कामाचा होता. हे मी निळ्या वहीत लिहिलं नाही. इतकी क्षमा माझ्यात आली आहे.

शिवाय दाढीही करून दिली म्हणे. पपांची दाढी. मला आठवतं, ते स्वतःच्या पेटीतल्या आरशात बघून करायचे आणि मी बाजूला उभा राहून फेस गालाला लावून घ्यायचो. असो. आता आरसा काय कामाचा.


१५ फेब्रुवारी, शनिवार.

ओटा पूर्ण. सोमवारी टाकी चढेल. मी विटांवर पाणी मारलं. हे जबाबदारीचं काम आहे, विटा वाळून चालत नाहीत.

मिराबाई शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, “तुमी हिंगोलीचे म्हणं. बापाला भेटून आले का?” म्हणजे तांड्यापर्यंत पोचलंय. मी त्यांना समजावून सांगितलं की देवाच्या कामाला निघालेल्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमी ऊसतोडीला जातो सायेब, सा-सा महिने. परत आलो की ट्रकातनं सामान नंतर उतरतं. आधी म्हातारं कुठं बसलंय ते बघतो.”

केविनने विचारलं काय म्हणाल्या. मी सांगितलं, इथले लोक फार कष्टाळू आहेत असं म्हणाल्या. केविनने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग स्वतःच मातीत काटकीने दोन माणसं काढली, एक मोठं, एक वाकलेलं, आणि मिराबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी विटांवर पाणी मारत राहिलो.


१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

गेलो होतो. इथे नोंद करून ठेवतो की गेलो होतो.

तातेरावांची जीप, सकाळी नऊ. इस्त्रीचा शर्ट. पपांसाठी मेलबर्नहून आणलेली चॉकलेटं. ती मुळात तांड्यावरच्या पोरांसाठी होती, पण चॉकलेट हे चॉकलेट असतं. पाठ केलेलं वाक्य: पपा, मी प्रेम, कामामुळे उशीर झाला.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. घर तेच, रंग वेगळा. ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. केस पूर्ण पांढरे झालेत तिचे. व्हिडिओवर एवढे वाटत नव्हते. पपांचा सदरा झटकला, तारेवर टाकला, चिमटे लावले. मग चादर. मग दुसरी चादर. वाकून बादलीतून काढताना दर वेळी कमरेला हात लावत होती.

वीस मिनिटं उभा होतो. ती कामात होती. कामातल्या माणसाला व्यत्यय आणणं बरं नाही. परत आलो.

तातेरावांनी जीप वळवली. औंढ्यापाशी फक्त म्हणाले, “चहा घ्यायचा का?”

केविनला सांगितलं, घरी कुणी नव्हतं. त्याने तातेरावांकडे बघितलं. तातेराव जीपचं बॉनेट उघडून आत बघायला लागले. त्यात बिघाड नव्हता.


१८ फेब्रुवारी, मंगळवार.

टाकी सुरू. चारही नळांना पाणी. पोरं हात धुऊन पुन्हा रांगेत येत होती, पुन्हा धुवायला. मिराबाईंनी केविनला नारळ आणि टोपी दिली. मलाही टोपी दिली. नारळ एकच होता.

दोन शब्द बोला म्हणाले. मी बंजारा भाषेत बोलायचं ठरवलं, लोकांच्या हृदयाला हात घालायचा तर त्यांच्याच भाषेत. पंचवीस मिनिटं बोललो. प्रतिसाद प्रचंड. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, म्हातारी माणसं एकमेकांना काहीतरी विचारत होती. नंतर तातेरावांनी हळूच सांगितलं, “तुमी समद्या तांड्याला उद्या जेवायला बोलावलं असं ते म्हणून राहिले.” पार्वतीबाईंनी विचारलं, किती पानं? मिराबाईंनीच मग मिटवलं. लोकांना म्हणाल्या, सायेबाला भाषा येत न्हाई, मनावर घेऊ नका.

निळी वही: आज भाषेच्या भिंती पडल्या.


१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी.

परवा निघायचं. आज केविन म्हणाला, मी शेवटचं भेटायला चाललोय आणि तू बरोबर येतोयस. मी पाठीचं काढलं. तो म्हणाला, मुलगा म्हणून येऊ नकोस, दुभाषी म्हणून ये. ते तासतास माझ्याशी बोलतात आणि मी मान हलवतो. मी कशाकशाला हो म्हटलंय ते मला कळायला हवं.

कामाच्या नात्याने जाणं भाग होतं. गेलो.

ताईने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. “ये. चप्पल तिथं काढ.” एवढंच. अकरा वर्षांचं एवढंच.

पपा अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. केवढे लहान झालेत. केविन जाऊन शेजारी बसला, त्यांनी सवयीने त्याचा हात शोधून घेतला. मी समोर उभा. पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “पपा, मी प्रेम.”

त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. हसले. “तुमचं बी नाव प्रेमच का? बरं हाय. बसा.”

ताई म्हणाली, “पपा, खरंच हा आपला प्रेम आहे.” पपा म्हणाले, “असंल. एका नावाची लई माणसं असतात.” तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. मी खाटेशेजारच्या खुर्चीत बसलो. दुभाष्याची जागा.

पपा केविनच्या हातावर थोपटत मला म्हणाले, “बरं झालं याने तुम्हाला आणलं. याचं मराठी पार गेलंय हो. मी बोलतो, हा नुसता मान हलवतो. त्याला एक सांगायचंय, बराबर सांगाल का?” मी म्हटलं सांगेन.

मग ते बोलले. थांबत थांबत. “त्याची आई गेली तवा हा आला न्हाई. मी इतकी वर्सं राग धरला. मातीला आलेली माणसं इचारायची, पोरगं काहून न्हाई आलं. मी सांगायचो, निघाला व्हता, विमान चुकलं. खोटं बोललो. गावोगाव लोकांना खरं बोला म्हणून सांगत फिरलेला माणूस मी. तेवढं एक खोटं त्याच्यापायी झालं. आता तो आला. नळ बसवला, दांडा बसवला, माझी दाढी केली. आता राग न्हाई. त्याला सांगा, मनात काही ठेवू नको म्हणावं.”

केविन माझ्याकडे बघत होता.

मी त्याला इंग्रजीत सांगितलं, नळ चांगला चाललाय म्हणतात.

केविन म्हणाला, एका नळासाठी फार शब्द वापरले त्यांनी.

पपांनी विचारलं, “सांगितलं का?” मी म्हटलं, सांगतोय.

मग सांगितलं. सगळं. ओळीने. इंग्रजीत ‘विमान चुकलं’ हे चार शब्दांचं वाक्य आहे, शाळेतल्या पोरालाही येतं. तिथे मी बराच वेळ अडकलो. ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

केविनने मान खाली घातली. मग वर बघितलं, पपांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाला, त्यांना सांग, त्यांच्या मुलाला वाईट वाटतं. सांग, त्याचं चुकलं.

मी म्हटलं, “पपा, माझं चुकलं. मी यायला पाहिजे होतं.”

पपांनी समाधानाने मान हलवली. केविनचा हात दाबला. आणि मला म्हणाले, “चांगले दुभाषी हाव तुमी. ‘तो म्हणतो, तो म्हणतो’ करत बसत न्हाई. त्याच्याच तोंडानं बोलता.”

चहा गार झाला. ताईने पुन्हा गरम करून दिला. माझ्या कपात साखर दोन चमचे होती. मी ती सोडून नऊ वर्षं झाली. प्यालो.

निघताना ती फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, ताई, रविवारी मी येऊन गेलो होतो. ती म्हणाली, “बघितलं. तेवढ्यासाठीच दुसरी चादर पिळलेली असताना पुन्हा पिळली. म्हटलं येतो का.”


२ मार्च, रविवार. मेलबर्न. संध्याकाळी ६.

साक्ष झाली. बारा मिनिटांची तयार होती, मुद्दे सोळा. चार मिनिटांत संपली. टाकी लिंबाच्या झाडापाशी आहे आणि ती जागा मिराबाईंनी दाखवली, एवढं सांगितलं. उरलेल्या आठ मिनिटांत दोन गाणी जादा घेतली.

त्यानंतर एल्डरची निवड. एकमताने. केविन. तो उमेदवारही नव्हता. नाव जाहीर झालं तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा होता, पाय तेवढे दिसत होते. पायांसाठी टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

चार वाजता तो आमच्या घरी आला. ताईने त्याला मेसेज केला होता, मला नाही. दर रविवारी सकाळी अकराला पपा मुलाच्या फोनची वाट बघत बसणार, तिकडचे अकरा म्हणजे आमचे साडेचार. केविन म्हणाला, मी करीन फोन. पण तुझ्याशिवाय मला करता येणार नाही. रुपाने सोफ्यासमोर टेबल ओढून त्यावर फोन उभा केला. केविन समोर बसला. मी बाजूला, कॅमेऱ्यात न येईल असा. पपांना दिसत नाही, त्यामुळे याने फरक पडत नव्हता, पण तसाच बसलो.

फोन लागला. खाट, ऊन, ताईचा हात. पपांनी प्रथम खोकून घसा साफ केला. म्हणाले, “प्रेम, थांब. आधी सांग, ते दुभाषी आलेत का?”

केविनने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “आलोय.”

“मग बसा जवळ,” पपा म्हणाले. “आज लई बोलायचंय.”